पुलावरचे फूट आणि आपला उंबरा: पूर नियंत्रण यंत्रणेशी गावानं कसं जोडून घ्यायचं

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णाकाठच्या प्रत्येकाच्या मोबाइलवर सांगलीच्या पुलावरच्या पाणीपातळीचा एकच मेसेज फिरत असतो. ‘आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता, ३८ फूट ६ इंच.’ आमच्या गल्लीतल्या एका आजींना नातवानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. आजींनी विचारलं, “म्हणजे आपल्या उंबऱ्याला कधी लागंल?” नातू गप्प. मीही तिथंच उभा होतो आणि मलाही उत्तर देता आलं नाही. पाटबंधारे खातं दर तासाला आकडा देत होतं, तहसीलदार कचेरी तो पुढं पाठवत होती, ग्रामपंचायत भोंग्यावरून सांगत होती. इतक्या हातांतून आलेल्या त्या आकड्याचा आजींच्या घराशी काय संबंध, हे मात्र कुणीच कधी मोजलेलं नव्हतं.

हा लेख त्या मोजमापाबद्दल आहे, आणि ते करायचं तर कुठल्या खात्याकडून काय मागायचं, कधी मागायचं याबद्दल. आमचं गाव सांगलीच्या खालच्या अंगाला, शिरोळच्या बाजूला आहे, म्हणून उदाहरणं कृष्णा-पंचगंगेची आहेत. तुमची नदी वेगळी असली तर पुलाचं आणि धरणाचं नाव बदला. कामाची पद्धत तीच राहते.

आधी कोण काय करतं ते नीट समजून घ्या

पुराच्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या माणसाला फोन करण्यात. शाखा अभियंत्याला फोन करून लोक बोट मागतात आणि तलाठ्याला विचारतात कोयनेचे दरवाजे किती उघडलेत. दोघंही वैतागतात, काम होत नाही.

पाऊस किती पडणार हे हवामान खातं सांगतं. पिवळा, नारंगी, लाल हे इशारे त्यांचे. तो इशारा पावसाचा असतो, पुराचा नव्हे. घाटमाथ्यावर लाल असेल आणि सांगलीत ऊन पडलेलं असेल, तरी भ्यायचं ते घाटमाथ्याला. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. खाली काय झालं ते आपण पाहिलंच.

धरणात पाणी किती, सोडायचं किती, नदीची पातळी किती हा जलसंपदा खात्याचा प्रांत. आपण त्याला अजून पाटबंधारेच म्हणतो. त्यांचा पूर नियंत्रण कक्ष १ जूनपासून रात्रंदिवस चालू असतो. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पर्जन्यमापक, पातळीमापक आणि धरणं यांची माहिती आपोआप गोळा करणारी यंत्रणा बसवलेली आहे, आणि पुढच्या पातळीचा अंदाज तिच्यावरून बांधतात. याशिवाय केंद्रीय जल आयोगाची स्वतःची मोजणी ठाणी आहेत. आमच्या भागात अर्जुनवाड आणि कुरुंदवाड इथं ती आहेत. गावाजवळ असं ठाणं असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

पण जलसंपदा खातं तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाही. तो अधिकार महसूलकडे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. गाड्या ताब्यात घेणं, शाळा निवाऱ्यासाठी उघडणं, रस्ता बंद करणं, एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी मागवणं हे सगळं तिथून होतं. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ असते. म्हणजे महामार्ग बंद व्हायच्या आत ती निघायला हवी. २०१९ ला आणि २०२१ ला पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरच्या दारात शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, हे विसरू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. बोट, माणूस अडकलाय, निवारा, यासाठी हा नंबर फिरवायचा.

मग प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी अशी उतरंड. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण नाव बदलल्यानं गावाचा भार कमी झालेला नाही. एकेकाकडे दोन-तीन गावं असतात आणि पूर सगळ्या गावांत एकाच दिवशी येतो. पोलीस पाटील मात्र गावातलाच असतो. म्हणून मी पोलीस पाटलाला या सगळ्या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस मानतो. असं बोललं की ग्रामसेवकांना राग येतो, पण येऊ दे.

पहिली पायरी: १ मेची ग्रामसभा

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होतेच. झेंडावंदनानंतर निम्मी माणसं जिलेबी खाऊन निघून जातात. त्याआधी पूर समितीचा विषय घ्या आणि ठराव इतिवृत्तात येऊ द्या. ठरावाशिवाय लिहिलेल्या पत्राला कचेरीत किंमत नसते.

समिती लहान ठेवा. आमची पहिली समिती २६ जणांची होती. प्रत्येक गटाचं समाधान झालं आणि बैठकीला चौघं यायचे. आता नऊ आहेत. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक, वायरमन, ट्रॅक्टर-ट्रॉली असलेला एक, होडी चालवता येणारा एक आणि नदीकाठच्या गल्लीतली बचत गटाची अध्यक्ष. शेवटचं नाव चुकवू नका. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठली सून बाळंतपणाला माहेरी आलीय, हे तिला आणि आशाताईला माहीत असतं. सरपंचाला नसतं.

जिल्ह्यात आपदा मित्र योजनेखाली प्रशिक्षण झालं असेल तर गावातल्या दोघा-तिघा पोहणाऱ्या पोरांची नावं द्या. बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं.

दुसरी पायरी: चार पत्रं, चार पोच

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ही पत्रं गेली पाहिजेत. स्वतः जा, आवक शिक्का मारून पोच घ्या, झेरॉक्स फाइलला लावा. आम्ही पहिल्या वर्षी टपालानं पाठवलं होतं. ऑगस्टमध्ये, पूर ओसरल्यावर, एका कार्यालयातून फोन आला की तुमचं पत्र मिळालं, काय काम होतं?

पहिलं पत्र पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना. यात चार गोष्टी मागा. गावाच्या हद्दीतल्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा. वरच्या प्रत्येक धरणातून सोडलेलं पाणी आपल्या गावाला पोहोचायला साधारण किती तास लागतात. गावाजवळच्या पातळीमापकाचा शून्य कुठं धरलाय. आणि पूर नियंत्रण कक्षाच्या संदेशांच्या यादीत गावाचे दोन नंबर. एक नको, दोन. ज्याचा नंबर असतो त्याचाच फोन नेमका बंद पडतो.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला बंदी असते, बाग नाहीतर मैदान चालतं. निळी ते लाल यांच्यामध्ये अटी असतात. हा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला की गावात भांडणं होतात, कारण कुणाचा तरी नवा गाळा निळ्याच्या आत निघतो. तरी लावा. आमच्याकडे लावला तेव्हा दोन महिने काही लोक बोलत नव्हते.

दुसरं पत्र तहसीलदारांना. कुठली शाळा, कुठलं मंगल कार्यालय निवाऱ्याला धरलंय, बोट कुठं ठेवणार, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात आपल्या गावाचं पान. तो आराखडा दरवर्षी तयार होतो आणि गावाचं पान बहुतेकदा मागच्या वर्षीचं असतं. आमच्या पानावर ज्या माणसाचं नाव संपर्कासाठी होतं ते तीन वर्षांपूर्वी वारले होते.

तिसरं गटविकास अधिकाऱ्यांना. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, निवाऱ्यातली शौचालयं, आरोग्य केंद्राचा साठा. चौथं महावितरणच्या उपविभागाला. कुठला ट्रान्सफॉर्मर किती पाण्याला बंद करणार आणि पाणीपुरवठ्याची मोटार त्याच्यावर आहे का. हे दुसरं लोक विचारतच नाहीत, आणि मग गल्ली सुरक्षित राहते पण नळ कोरडे पडतात.

तिसरी पायरी: प्रत्येक घराला एक आकडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि इथं कुठलंच खातं तुमच्या मदतीला येणार नाही. हे काम गावाचंच.

सांगलीच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. हे आकडे त्या जागेचे आहेत. तुमच्या गल्लीत ४३ ला पाणी येत असेल तर तुमची धोका पातळी ४३ आहे, आणि शेजारच्या टेकाडावरच्या घराची कदाचित ५६. यंत्रणा फुटात बोलते, घर पायऱ्यांत बोलतं. ही दोन भाषांची जोडणी सोप्या हत्यारांनी होते.

२०१९ चा पूर आयर्विनला साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेला होता. त्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. रंग दिला असला तरी घरातल्या बाईला विचारा, ती हात लावून दाखवते. “इथं, फ्रिजच्या वर.” त्या खुणेपासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. समजा ९ फूट आलं. साडेसत्तावन्नातून ९ वजा केले, साडेअठ्ठेचाळीस राहिले. म्हणजे आयर्विनला साडेअठ्ठेचाळीस असताना त्या उंबऱ्याला पाणी लागतं. मग २०२१ च्या खुणेवरून तोच हिशेब पुन्हा करा. त्या घराचा ४८ आला. दोन्हींत जो कमी तो धरायचा, म्हणजे ४८. त्यातून दोन फूट आणखी कमी करायचे. ४६ हा त्या घराचा निघायचा आकडा.

ज्या घरात खूण नाही तिथं गवंड्याची पाण्याची नळी वापरा. दहा-पंधरा मीटरची पारदर्शक नळी, आत रंगीत पाणी. एक टोक खूण असलेल्या घराच्या भिंतीला, दुसरं नव्या घराला. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं, तिथं खडूनं रेघ. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, म्हणून आधी नळी झटकून घ्या. आम्ही ११२ घरं चार रविवारांत मोजली. शाळेतली नववीची पोरं होती, त्यांना गणित आवडायला लागलं असं मुख्याध्यापक म्हणतात. माझा अंदाज आहे की त्यांना प्रत्येक घरी मिळणारा चहा आवडला.

दोन फूट कमी का करायचे, तर नदीची पाण्याची फळी आरशासारखी सपाट नसते. आमच्या गावाला आयर्विनचा आकडा पुरता लागू पडत नाही. वारणा कृष्णेला हरिपूरला मिळते, म्हणजे आयर्विनच्या खाली. वारणेवरच्या चांदोली धरणातून जास्त विसर्ग असेल तर आयर्विन शांत दिसतं आणि आमच्याकडे पाणी चढतं. नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, तिचा जोर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागे येतो. म्हणून आम्ही रोज तीन आकडे वहीत लिहितो. आयर्विन, राजाराम बंधारा आणि वारणेचा विसर्ग. दोन पुरांनंतर तुमच्या वहीतूनच कळतं की गावाला कुठल्या नदीचं ऐकायचं.

आकडा काढला की तो दाराच्या चौकटीवर ऑइलपेंटनं लिहा. आजींच्या दारावर आम्ही ‘४६’ लिहिला. मेसेज आला की त्या स्वतःच बघतात.

चौथी पायरी: विसर्गाची बातमी वाचायला शिका

‘कोयनेतून ५०,००० क्युसेक सोडले’ ही बातमी ऐकून पोटात गोळा येतो, पण किती म्हणजे किती हे कळत नाही. एक सूत्र पाठ करा. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. ११,५७४ क्युसेक २४ तास चालले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होतं. मग ५०,००० क्युसेक दिवसभर म्हणजे सव्वाचार टीएमसीच्या वर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. धरणात ८५ टीएमसी आहेत, रोज आठ येतायत आणि सव्वाचार जातायत, तर भरायला किती दिवस? हे पाचवीचं गणित आहे आणि त्यावरून पुढच्या चार दिवसांचा अंदाज येतो.

धरणं मनाला येईल तशी सोडत नाहीत. प्रत्येक मोठ्या धरणाची जलाशय परिचलन सूची असते. कुठल्या तारखेला पातळी किती ठेवायची ते तिच्यात ठरलेलं असतं. पाणी लवकर साठवलं तर पुराला जागा राहत नाही, उशिरा साठवलं आणि पाऊस गेला तर उन्हाळ्यात शिव्या खायच्या. या दोरीवरून अभियंता रोज चालतो. जूनमध्ये एकदा शाखा अभियंत्याला गावात बोलवा आणि त्यालाच ही सूची समजावून सांगू द्या. रागावलेल्या गावापेक्षा प्रश्न विचारणाऱ्या गावाला तो जास्त माहिती देतो.

राधानगरीची गोष्ट वेगळी. तिथले ७ दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक. तिथं कुणी निर्णय घेत नाही, त्यामुळे ‘दरवाजे का उघडले’ म्हणून फोन करण्यात अर्थ नाही. ‘धरण भरायला किती इंच उरले’ हे आदल्या दिवशी विचारण्यात आहे.

पातळीपेक्षा चढीकडे लक्ष ठेवा. तासाला एक इंच चढत असेल तर दिवसाला दोन फूट. तासाला चार इंच चढत असेल तर रात्रीत दारात येईल. वहीत पातळीच्या शेजारी चढ लिहायचा रकाना हवा.

आणि बरगे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात. राहिले तर त्यात झाडं-झुडपं अडकून पाणी शेतात पसरतं. मे अखेरीस गावातल्या दोघांनी बंधाऱ्यावर जाऊन डोळ्यांनी बघून यावं. कागदावर ‘काढले’ असतंच.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं इकडं पूर वाढतो का, या वादावर इथं फार बोलत नाही. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचा दोष मुख्यतः अलमट्टीवर टाकला नाही. इकडच्या काठावर अनेकांना ते पटलेलं नाही, मलाही काही प्रश्न आहेत. पण हा वाद हिवाळ्यात घालायचा असतो. जुलैमध्ये समितीनं अलमट्टीची पातळी आणि विसर्ग फक्त वहीत लिहावा. दोन्ही राज्यांचे अभियंते तो रोज एकमेकांना कळवतात, मागितला की मिळतो.

पाचवी पायरी: कुठल्या फुटाला काय

आमच्या गावाचा क्रम असा ठरलाय, तुमचा वेगळा असेल. ३० फुटांना मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या शेतातल्या, मोटारी काढायच्या. हा आकडा शेतकऱ्यांनीच दिला, कारण मोटार भिजली की ती दुरुस्त करायला लागणारे पैसे त्यांनाच माहीत. ३५ ला होडी आणि दोर तपासायचे, निवाऱ्याची किल्ली ताब्यात घ्यायची. सराव घेतला त्या वर्षी किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई पाहुण्यांच्या गावाला. कुलूप तोडावं लागलं. तेव्हापासून दुसरी किल्ली पोलीस पाटलाच्या घरी खुंटीला असते.

३८ ला जनावरं. आधी माणसं की जनावरं, हा प्रश्न बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्यांना विचित्र वाटतो. कृष्णाकाठी ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत तो म्हशी हलल्याशिवाय हलत नाही, त्याला कितीही सांगा. म्हणून माणसं लवकर हलवायची असतील तर जनावरं त्याहून लवकर हलवा. जागा आधी ठरवा. आमच्याकडे जवळच्या साखर कारखान्याचं आवार आणि ट्रॉल्या मिळतात. चारा दूध संघाकडून. कारखान्याशी आणि संघाशी बोलणं मे महिन्यात, चेअरमनशी नव्हे तर केनयार्ड (उसाच्या गाड्या थांबायचं आवार) सांभाळणाऱ्या माणसाशी. गेट तोच उघडतो.

४० ला म्हातारी माणसं, गरोदर बायका, डायलिसिसवाले, अंथरुणावरचे. यादी आशाताईकडे. त्यानंतर ज्याच्या चौकटीवर जो आकडा तो. भोंग्यावर गल्लीचं नाव घ्यायचं, ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ असलं काही बोलायचं नाही. “कुंभार गल्लीतल्या ४४ च्या आतल्या घरांनी आत्ता निघायचं, ट्रॉली मारुतीच्या देवळापाशी उभी आहे.” इतकं.

अंधार पडल्यावर हलवाहलव करू नका. रात्री ४६ होईल असं चढीवरून दिसत असेल तर दुपारी चारलाच काढा. घर अजून कोरडं असताना निघायला लोक कुरकुर करतात, “उगाच घाबरवता” म्हणतात. दोनदा असं झालंही की पाणी उंबऱ्याच्या खालीच थांबलं आणि आम्ही शिव्या खाल्ल्या.

होडीबद्दल एकच. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, आणि त्यात बायका-लेकरांचेही जीव गेले. त्या होडीकडे धावणाऱ्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, पाठीमागं पाणी होतं. आम्ही आमच्या होडीच्या दोन्ही बाजूंना आत बसायची संख्या हातभर आकड्यात रंगवलीय आणि काठावर एक माणूस फक्त मोजायला उभा करतो. तो गावातला नसावा, किंवा असा असावा ज्याला भाऊबंद नाहीत. त्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

सहावी पायरी: बाहेरच्यांना कसं वापरायचं

एनडीआरएफची तुकडी आली तर तिच्यासोबत गावचा एक माणूस बोटीत बसवा. विजेच्या तारा कुठं लोंबतात, कुठल्या घरामागं विहीर आहे, हे त्यांना दिसत नाही. कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीसारख्या संस्था, शहरातल्या तालमी आणि तरुण मंडळं मनापासून येतात. त्यांना एकाच माणसाचा नंबर द्या आणि काय हवंय ते आकड्यात सांगा. २०१९ ला जुन्या कपड्यांचे डोंगर आले आणि सॅनिटरी पॅड, ओआरएस, म्हशीला पेंड कमी पडली. ‘मदत पाठवा’ असा मेसेज टाकला की कपडेच येतात.

गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप पुराच्या दिवसांत फक्त तिघांना लिहिता येईल असा करा. ‘धरण फुटलं’ हा मेसेज दर पुरात येतो. ज्या मेसेजला वेळ आणि कुठल्या कक्षाकडून आला ते नाही, तो पुढं ढकलायचा नाही. वरच्या गावाशी आणि खालच्या गावाशी मात्र थेट फोन ठेवा. वरच्या गावाच्या पोलीस पाटलाचा “आमच्या पारावर आलं” हा निरोप बऱ्याचदा खात्याच्या संदेशाच्या आधी येतो.

सातवी पायरी: पाणी ओसरताना

वहीत आणखी दोन नोंदी घ्या. पाणी घरात कधी शिरलं आणि कधी बाहेर गेलं, तारीख आणि वेळेसकट. मदतीच्या निकषांत घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात होतं का, हा प्रश्न येतो, आणि पंचनाम्याच्या वेळी कुणालाच वार आठवत नाही. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं का, हेही तिथंच ठरतं. फोटो काढताना भिंतीवरची ओली रेघ आणि घरमालक दोघंही चौकटीत येऊ द्या. मेलेलं जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवा. नंतर सांगून उपयोग नाही, तेव्हा वास एवढाच पुरावा उरतो.

पंचनाम्याला तलाठी आले की समितीतला एक माणूस यादी घेऊन सोबत फिरू द्या. भाडेकरू हमखास सुटतात, कारण घर मालकाच्या नावावर असतं. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला आलेले तर कुणाच्याच यादीत नसतात. त्यांची यादी समितीनंच करायची.

विहिरींत टीसीएल टाकायचं काम ग्रामपंचायतीचं, चिखलात अनवाणी न फिरण्याचं तुमचं. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप पूर गेल्यावर येतो, आशाताई गोळ्या देते त्या खा.

ऑक्टोबरमध्ये, आठवणी ताज्या असताना, अभियंता, तहसीलदार आणि समिती यांची एक बैठक गावात घ्या, कचेरीत नको. वही मांडा. कुठला संदेश किती वाजता सुटला आणि गावात किती वाजता पोहोचला, हे शेजारी शेजारी लिहिलेलं असलं की वाद होत नाही, दुरुस्ती होते. आमच्या अशाच एका बैठकीत निघालं की संदेश तहसीलपर्यंत वीस मिनिटांत येत होता आणि तिथून गावापर्यंत तीन तास लागत होते. पुढच्या वर्षी कक्षाच्या यादीत गावाचे दोन नंबर थेट गेले ते त्यामुळे.

आणि दिवाळीआधी गावभर रंगकाम निघतं, त्याच्या आत नळी घेऊन पुन्हा एक रविवार काढा. या वर्षीची ओली रेघ अजून दिसत असते. तिच्यावर खिळा ठोका, खाली तारीख आणि त्या दिवशीचा आयर्विनचा आकडा लिहा, आणि रंगाऱ्याला सांगा की एवढं सोडून बाकीचं रंगव. आजींच्या दारावरचा ४६ आम्ही मागच्या वर्षी खोडून ४५ केला.